कॉलेज फुटबॉलचं रिक्रुटिंग आणि कोचबदल कसे फॉलो करायचे: कोलंबसच्या काकाची गाईड

३ डिसेंबर २०२५, बुधवार, सकाळचे सात, बाहेर अजून अंधार, आणि आमच्या फ्रिजवर मॅग्नेटने लावलेला एक कागद. त्यावर पंचवीसेक नावं माझ्या हातची आणि प्रत्येकासमोर एक रिकामा चौकोन. पुतण्या ऑगस्टमध्ये एमएसला आलाय, कोलंबसमधल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीलाच, त्याला वाटलं काकाने मंडळाच्या पॉटलकची यादी केलीय. म्हटलं अरे ही ओहायो स्टेटच्या फुटबॉल टीममध्ये (अमेरिकन फुटबॉल) पुढच्या वर्षी येणारी पोरं आहेत, आज सह्या करणार, एकेकाचा कागद आला की टिक मारायची. दुपारपर्यंत बाकीच्या टिका झाल्या, एक चौकोन मात्र तसाच राहिला. ख्रिस हेन्री ज्युनियर, कॅलिफोर्नियात मेटर डे हायस्कूलला खेळणारा रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा), रेटिंग फाइव्ह स्टार म्हणजे सगळ्यात वरचं, दोन वर्षांपूर्वीच ओहायो स्टेटला हो म्हणालेला. पुतण्या म्हणाला, "हो म्हणालाय ना, मग टिक मार की काका." नाही मारली. का नाही मारली हे त्याला सांगता सांगता जे जे बोलणं झालं तेच इथे लिहितोय, कारण मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर डिसेंबरला हेच प्रश्न येतात आणि दर वर्षी कोणीतरी अर्धवट बातमी टाकून तोंडघशी पडतं (एकदा मीही पडलोय, येतो त्यावर).

पहिल्यांदा एवढं डोक्यात बसवा की कॉलेजला ड्राफ्ट नाही. एनएफएलमध्ये (इथली प्रो लीग) नवी पोरं निवडताना सगळ्यात वाईट टीमला पहिला नंबर मिळतो, आपल्या आयपीएलला लिलाव असतो, इथे तसलं काही नाही. सतरा वर्षांच्या पोराला कुठे जायचं ते तो स्वतः ठरवतो, म्हणून सगळे कोच त्याच्या दारात जाऊन बसतात, आईशी बोलतात, आजीच्या हातचं खातात, हायस्कूलच्या कोचला मस्का लावतात. सरळ सांगायचं तर ही स्थळं बघण्याची पद्धत आहे. ऑफर म्हणजे "मुलाकडच्यांना पत्रिका पसंत आहे" एवढंच, मोठी कॉलेजेस एकेका वर्गासाठी (म्हणजे एका वर्षी सही करणारी सगळी पोरं) शेकड्याने ऑफर देतात आणि शेवटी पंचवीसेक पोरं घेतात, त्यामुळे "अमक्याला अमक्याची ऑफर" ही बातमीच नाही. ऑफिशियल व्हिजिट म्हणजे कॉलेजच्या खर्चाने घरच्यांना घेऊन बघायला जाणं, हा कांदेपोह्यांचा कार्यक्रम, आणि तो बहुतेक बारावीच्या आधीच्या जूनमध्ये उरकतात. मग पोरगा कमिट होतो, तो साखरपुडा. आणि सही म्हणजे लग्न. साखरपुडा मोडायला इथे काही लागत नाही, एक पोस्ट टाकायची, सगळ्यांचे आभार मानायचे, झालं.

सहीचा दिवस पूर्वी फेब्रुवारीचा पहिला बुधवार असायचा. २०१७ पासून डिसेंबरमध्ये अर्ली सायनिंग सुरू झालं आणि दोनतीन वर्षांतच फेब्रुवारीचा दिवस ओस पडला, आता खरा दिवस डिसेंबरचाच. २०२४ पर्यंत लोक लेटर ऑफ इंटेंट, लेटर ऑफ इंटेंट करायचे, ते पत्र एनसीएएने (कॉलेज खेळांची मुख्य संस्था) ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद केलं, त्या जागी आता स्कॉलरशिपचा करार असतो आणि त्याच्या जोडीला पैशांचा. जुने फॅन्स अजूनही लेटरच म्हणतात, कोणी म्हटलं तर दुरुस्त करत बसू नका, उगाच शहाणपणा दिसतो.

तर नियम साधा: कागद येईपर्यंत "आला" म्हणायचं नाही, "हो म्हणालाय" म्हणायचं. ब्राइस अंडरवुडचं बघा, २०२५ च्या वर्गातला देशातला एक नंबरचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, टीमचा मुख्य खेळाडू), जवळजवळ वर्षभर एलएसयूला (लुझियाना स्टेट) कमिट होता आणि २१ नोव्हेंबर २०२४ ला पलटी मारून मिशिगनला गेला. मुलगा बेलव्हिलचा, तिथून मिशिगनचं गाव ॲन आर्बर अर्ध्या तासाच्या अंतरावर, म्हणजे एलएसयूवाल्यांनी वर्षभर लुझियानात बसून काळजी करायला हवी होती. ट्रॅव्हिस हंटर तर डिसेंबर २०२१ मध्ये ऐन सहीच्या दिवशी फ्लोरिडा स्टेट सोडून डिऑन सँडर्स कोच असलेल्या जॅक्सन स्टेटला गेला, पुढे सँडर्सबरोबर कोलोरॅडोला, आणि २०२४ ची हाइझमन (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी) घेतली त्याने. म्हणून कमिट झालेल्या पोराची बातमी वाचताना दोन गोष्टी बघा, घर कुठे आहे आणि तो अजून दुसरीकडे व्हिजिटला जातोय का. साखरपुडा झाल्यावरही कांदेपोहे खात फिरणारा मुलगा असेल तर काय समजायचं ते तुम्हाला कळतंय.

आता स्टार. २४७स्पोर्ट्स, ऑन३, रायव्हल्स, ईएसपीएन अशा लोकांचे रेटिंग असतात, यातल्या ऑन३ ने २०२५ मध्ये रायव्हल्सच घेतलं. २४७ वाले वर्षाला साधारण ३२ पोरांना फाइव्ह स्टार देतात कारण एनएफएल ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत ३२ जागा. म्हणजे फाइव्ह स्टारचा अर्थ "हा पुढे पहिल्या फेरीत जाईल असं आम्हाला वाटतं", याहून जास्त काही नाही. एकाच साइटचा आकडा धरू नका, सगळ्यांची सरासरी असते त्याला कंपोझिट म्हणतात, गप्पांमध्ये तोच चालतो.

स्वतः करून बघण्यासारखं एक गणित आहे, ब्लू-चिप रेशो, बड इलियट नावाच्या पत्रकाराने चालू केलेलं. शेवटच्या चार वर्षांत हायस्कूलमधून सही केलेली पोरं मोजायची, त्यातले फोर आणि फाइव्ह स्टार (हेच ब्लू-चिप) किती ते काढायचं, निम्म्याहून जास्त असतील तर टीम टायटलच्या लायकीची. समजा चार वर्गांत मिळून ९६ पोरं, त्यातले ५२ ब्लू-चिप, झाले ५४ टक्के, पास. वर्षानुवर्षं चॅम्पियन याच टीम्समधून निघायचा, तुमची टीम या यादीत नसेल तर ऑगस्टमध्ये नॅशनल टायटलच्या गप्पा मारू नयेत असा अलिखित नियम होता. आणि मग इंडियाना आली. इंडियाना! बास्केटबॉलचं गाव. कोच कर्ट सिग्नेटी २०२३ च्या शेवटी जेम्स मॅडिसनहून आला, येताना तिथली डझनभर पोरं घेऊन आला, ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलणाऱ्यांची यादी, खाली येतो त्यावर) बाकीची उचलली, क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोसा कॅलिफोर्नियाहून आणला, आणि २०२५ च्या सीझनमध्ये एकही मॅच न हरता टायटल घेऊन गेला. त्यात बिग टेनच्या (आमची लीग) फायनलला आम्हा ओहायो स्टेटवाल्यांना १३-१० ने हरवलं ते वेगळंच. या गणितात पोर्टलची पोरं धरतच नाहीत, तिथेच ते आता लंगडं पडतं.

उलट बाजूही लक्षात ठेवा. टेक्सास ए अँड एमचा २०२२ चा वर्ग रेटिंग सुरू झाल्यापासूनचा सगळ्यात भारी वर्ग म्हणून गाजला, त्याच सीझनला टीम ५-७. आणि कॅम वॉर्डकडे हायस्कूलमध्ये कोणी ढुंकून बघितलं नव्हतं, सॅन अँटोनियोच्या इन्कार्नेट वर्ड नावाच्या छोट्या कॉलेजात गेला, तिथून वॉशिंग्टन स्टेट, तिथून मायामी, आणि २०२५ च्या ड्राफ्टला पहिला नंबर. स्टारपेक्षा मी तरी ऑफर कोणाकोणाची आहे ते बघतो. थ्री स्टार पोराला जॉर्जिया आणि अलाबामा खरोखर व्हिजिटला बोलावत असतील तर रेटिंगवाले मागे पडलेत असं समजायचं, कारण त्या कोचांची नोकरी त्यावर आहे, रेटिंगवाल्यांची नाही.

अंदाज सांगणारेही असतात, क्रिस्टल बॉल वगैरे, पोरगा कुठे जाणार यावर पत्रकार आपापलं मत टाकतात. दहा जणांनी काय टाकलं त्यापेक्षा कोणी टाकलं ते बघा. ओहायो स्टेट कव्हर करणारा माणूस "पोरगा ओहायो स्टेटला" म्हणतो तेव्हा चहा प्यायचा आणि विसरायचं. तोच माणूस "हा आता मिशिगनला जाणार" म्हणतो तेव्हा मात्र कान टवकारायचे, स्वतःच्या वाचकांना वाईट बातमी उगाच कोणी देत नाही. आणि टेबलावर पाच टोप्या मांडून चार बाजूला सारतात तो कार्यक्रम बघायला मजा येते, पण कोचला बहुतेक वेळा आदल्या रात्रीच फोन आलेला असतो.

पोर्टल आणि पैसा. ट्रान्सफर पोर्टल ऑक्टोबर २०१८ मध्ये आलं, तेव्हा कॉलेज बदललं तर वर्षभर बाहेर बसावं लागायचं, २०२१ मध्ये पहिल्या बदलाला ते माफ झालं आणि २०२४ पासून अभ्यासात पास असाल तर कितीही वेळा बदला. आपल्याकडे आमदारांना निदान पक्षांतरबंदी कायदा तरी आहे, इथे तेवढाही नाही. आधी वर्षातून दोनदा दार उघडायचं, आता एकदाच, २०२६ मध्ये २ ते १६ जानेवारी. पैशाचं म्हणाल तर १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमवायची मुभा आहे, आणि १ जुलै २०२५ पासून कोर्टातल्या एका सेटलमेंटमुळे कॉलेज स्वतःच पगार दिल्यासारखे पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी सगळे खेळ मिळून साधारण २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा, त्यातला मोठा घास फुटबॉलचा. त्याच सेटलमेंटने टीममध्ये जास्तीत जास्त १०५ पोरं असा नियम आला, पूर्वी ८५ स्कॉलरशिप आणि वर कितीही फुकटचे वॉक-ऑन असायचे. म्हणजे एक पोर्टलवाला आला की आधीचा एक बाहेर, हे गणित फॅन्स सारखे विसरतात. अमक्याला इतके मिलियन मिळाले हे कानावर आलं की लगेच दोन प्रश्न विचारा: वर्षाचे का एकूण, आणि सांगतंय कोण. करार कोणी छापत नाही, आकडा बहुतेक वेळा एजंटकडून आलेला असतो आणि एजंटला तो फुगवण्यात फायदा असतो, मुंबईत फ्लॅटचा भाव सांगणाऱ्या ब्रोकरसारखाच.

आता कोचबदल, यातच माझं तोंड पोळलंय. ३० नोव्हेंबर २०२४, आमची कट्टर वैरी मिशिगन आमच्याच स्टेडियममध्ये १३-१० ने जिंकून गेली, सलग चौथ्या वर्षी. त्या आठवड्यात इथे कॅम्पसभर पाट्यांवरच्या प्रत्येक एम अक्षरावर लाल टेपची फुली असते, आणि ती बघत बघत घरी यायचं म्हणजे काय ते भोगल्याशिवाय कळणार नाही. मी पार्किंगमधूनच ग्रुपवर टाकलं, आपल्या कोचला, रायन डेला काढा, हा जर टायटल जिंकला तर अख्ख्या ग्रुपला माझ्याकडून मिसळ. मग डेची टीम प्लेऑफमध्ये (टायटलसाठीची बाद फेरी) एकेकाला हरवत गेली: टेनेसी ४२-१७, ओरेगॉन ४१-२१, टेक्सास २८-१४, नोत्र दाम ३४-२३. बरोबर ५१ दिवसांनी टायटल. एकोणीस घरं आहेत आमच्या ग्रुपमध्ये, आणि मटकी भिजवणं सोपं असतं पण कट सगळ्यांना पुरवणं सोपं नसतं. तर शिकवण अशी की हरल्यापासून ४८ तास कोचबद्दल काहीही टाइप करायचं नाही.

आणि ४८ तासांनंतर "काढा" म्हणायच्या आधी बायआउट बघा, म्हणजे कराराच्या मध्येच काढलं तर किती द्यावे लागतील. जिम्बो फिशरला ए अँड एमने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलं तेव्हा साडेसात कोटी डॉलरच्या वर, आणि त्याने दुसरी नोकरी धरली तरी त्यातला एक पैसा कमी होणार नाही असा करार. ब्रायन केलीला एलएसयूने ऑक्टोबर २०२५ मध्ये काढलं, बायआउट सव्वापाच कोटींच्या वर. त्याच महिन्यात पेन स्टेटने जेम्स फ्रँकलिनला काढलं, पण त्याच्या करारात दुसरी नोकरी लागली तर रक्कम कमी होते असं कलम होतं आणि त्याने पाचेक आठवड्यांत व्हर्जिनिया टेक धरलं, पेन स्टेटचं मोठं ओझं उतरलं. बातमीत फक्त मोठा आकडा असतो, हे कलम शोधा, पब्लिक युनिव्हर्सिटीचे करार बहुतेक वेळा बाहेर येतातच.

कोच "मी कुठेही जात नाहीये" म्हणाला की काय करायचं? काहीच नाही. निक सेबन डिसेंबर २००६ मध्ये मायामी डॉल्फिन्स या एनएफएल टीमला असताना पत्रकारांसमोर म्हणाला की मी अलाबामाचा कोच होणार नाही, आणि ३ जानेवारी २००७ ला अलाबामात. बोलाचीच कढी. शिवाय बऱ्याच मोठ्या कोचांचा एजंट एकच, जिमी सेक्स्टन, म्हणजे नोकरी शोधणारा, नोकरी वाचवणारा आणि पगारवाढ मागणारा हे सगळे एकाच मध्यस्थाकडे. नाव कुठल्या नोकरीशी जोडलं गेलं की निम्म्या वेळा आहे तिथेच पगार वाढतो. विमानं ट्रॅक करणं हा इथला जुना छंद आहे, कुठल्या श्रीमंत देणगीदाराचं जेट कुठे उतरलं वगैरे. सुरत-गुवाहाटी बघितलेल्या माणसाला हे नवीन नाही, पण त्यातली बरीच विमानं साध्या कामाने उडालेली असतात, एका विमानावरून निष्कर्ष काढायचा नाही.

कामाची गोष्ट ही की कोच गेला की कागद घ्या आणि साखळी काढा. सेबन १० जानेवारी २०२४ ला रिटायर झाला, दोन दिवसांत अलाबामाने वॉशिंग्टनचा केलन डीबोअर उचलला, वॉशिंग्टनने ॲरिझोनाचा जेड फिश, ॲरिझोनाने सॅन होजे स्टेटचा ब्रेंट ब्रेनन, सगळं आठवड्याभरात. आणि प्रत्येक कडीला पोरं सुटतात, कारण हेड कोच गेला की त्या टीमच्या खेळाडूंना पोर्टलचं वेगळं दार उघडतं. अलाबामाचा सेफ्टी (डिफेन्सचा खेळाडू) केलेब डाउन्स आणि नुकताच तिथे पोचलेला क्वार्टरबॅक जूलियन सेयन दोघं कोलंबसला आले. म्हणजे अलाबामाची बातमी होती, पण फायदा कोणाचा झाला बघा.

कोच लेन किफिनवर २०२५ मध्ये एवढा राग का निघाला तेही यातच आहे. ओल मिसला प्लेऑफच्या उंबरठ्यावर सोडून ३० नोव्हेंबरला एलएसयूला गेला, प्लेऑफ मीच कोच करतो म्हणत होता, ओल मिसने नाही म्हटलं. गद्दारी म्हणा हवं तर, पण ३ डिसेंबरला सह्या होत्या. प्लेऑफ संपेपर्यंत थांबला असता तर एलएसयूच्या हातातून वर्ग गेला असता आणि २ जानेवारीचं पोर्टलही अर्धं निघून गेलं असतं. (ओल मिस त्याच्याशिवाय सेमीफायनलपर्यंत गेली, छान वाटलं.)

आता फ्रिजवरचा तो चौकोन. ऑबर्नने २ नोव्हेंबरला ह्यू फ्रीझला काढलं. त्या जागी साउथ फ्लोरिडाचा ॲलेक्स गोलेश गेला. साउथ फ्लोरिडाची खुर्ची रिकामी, आणि सहीच्याच आठवड्यात ती मिळाली आमच्या ब्रायन हार्टलाइनला. हार्टलाइन म्हणजे रिसीव्हर लोकांचा कोच, गॅरेट विल्सन, क्रिस ओलावे, मार्व्हिन हॅरिसन ज्युनियर त्याच्याच हाताखालचे. आणि कॅलिफोर्नियातला हेन्री कोणासाठी येत होता? ऑबर्नमध्ये कोच काढला तेव्हा इथे एकानेही मान वर करून बघितलं नाही, महिन्याने त्याचा धक्का आमच्या किचनपर्यंत आला. म्हणून पोरगा कमिट झाला की त्याला आणणारा पोझिशन कोच कोण ते नावापुढे लिहून ठेवा, आता माझ्या कागदावर तो कॉलम आहे.

गुरुवारी काहीच नाही. पुतण्या लॅबमधून तासातासाला मेसेज करत होता, काका आला का. ग्रुपवर एकाने "गेला हातचा" टाकलं, दुसऱ्याने "माझ्या आतल्या माहितीनुसार येतोय", या दुसऱ्या माणसाची आतली माहिती म्हणजे त्याच्या सोसायटीतला शेजारी. शुक्रवारी, सायनिंगच्या शेवटच्या दिवशी, कागद आला, ओहायो स्टेटचाच. टिक पुतण्याने मारली, पेन चालेना म्हणून दोनदा.

एक गोष्ट राहिली आणि ती मी नव्या लोकांना आधीच बजावतो. ही सतरा वर्षांची पोरं आहेत. त्यांना इन्स्टावर मेसेज करायचा नाही, "ये ना आमच्याकडे" असा गोडसुद्धा नाही, आणि दुसरीकडे गेल्यावर शिव्या तर अजिबात नाहीत. तुम्ही कॉलेजच्या ॲथलेटिक्सला देणगी दिली असेल तर एनसीएएच्या लेखी तुम्ही बूस्टर असू शकता आणि मग तो मेसेज तुमच्याच टीमच्या अंगाशी येतो. जो काय राग काढायचा तो ग्रुपवर, मराठीत, तिथे कोणाला कळत नाही.

फ्रिजवर आता नवा कागद आहे, पोर्टलचा, त्यावर डावीकडे जाणारे आणि उजवीकडे येणारे. खाली एकूण बेरीज, १०५ च्या वर गेली की कोण जाणार त्यावर पैजा लागतात. मिसळीच्या मी आता लावत नाही.